माशांचं पातेलं घेऊन पलूसला

गावात परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, की या वयात मांडीवर माशांचं पातेलं घेऊन एसटीनं पलूसला कशाला गेला होतास. पारावर एकाला सांगून होतंय तोवर दुसरा येतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून एकदाच लिहून काढलं. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, पण विहिरी मी सरळ खणल्यात, ओळंब्याला सरळ. कोरेगाव तालुक्यात कुणालाही विचारा.

माझी लेक सुमन पलूसच्या अलीकडे एका मळ्यात नांदते. लग्न झालं त्या साली तिच्या सासरी पाण्याचा टिपूस नव्हता. मी माझी माणसं घेऊन गेलो, बांधावर खोप घातली आणि विहीर काढून दिली. आतलं दगडी बांधकामही माझ्या हातचं. सुमनची आई तेव्हा होती. तिनं तिथंच तीन दगडांची चूल मांडून सगळ्यांना भाकरी घातल्या. पुढं नदीचं पाणी पाइपानं रानात आलं आणि विहिरीकडं कुणी फिरकेना. पाणी नुसतं पडून राहिलं. त्याला वास यायला लागला. मग एक दिवस सुमनचा फोन आला.

"आबा, ह्यांनी हीर बुजवायची ठरवलीय. जेसीबीवाल्याला सांगितलंय."

जावई संपतराव फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस. मोजकं बोलणार. मी त्यालाच फोन द्यायला लावला.

"संपतराव, पानी खराब झालेलं न्हाई. त्याला वारं मिळालं न्हाई, एवढंच हाय."

"मामा, गुरं बी तोंड लावत न्हाईत."

"मी आमच्या हिरीतलं मासं घिऊन येतो. तुमच्या हिरीत सोडू. जगलं तर हीर ऱ्हाईल. मेलं तर मी परत तोंडातनं शब्द काढणार न्हाई."

मग म्हणाला, "या. जेसीबी थांबवतो. पर लय दिस न्हाई."

कोरेगाव ते पुसेसावळी

आमच्या विहिरीत माझ्या बापाच्या आधीपासून मासे आहेत. बोटाएवढे, पाठ हिरवट, पोट चांदीसारखं. नाव विचाराल तर आम्ही नुसते विहिरीतले मासे म्हणतो. गावातली पोरं म्हणाली, आबा, आता प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून देतात, पिशवी घ्या आणि निवांत जावा. मी म्हटलं, माझा बाप घागरीतून मासे न्यायचा, हातानं पाणी हाणत. मला पिशवी नको.

जर्मनचं रुंद तोंडाचं पातेलं घेतलं. पाणी अर्धंच भरलं, कारण तोंड रुंद आणि पाणी कमी असलं की वारं तळापर्यंत पोचतं. वर जुन्या लुगड्याचा ओला तुकडा. कोरेगावच्या स्टँडवर गाडीत चढलो तर कंडक्टर बाई आडवी आली.

"आजोबा, पातेल्यात काय हाय?"

"मासं."

"मेलेलं का जित्तं?"

"जित्तं. मेलेलं असतं तर कालवण करून आनलं असतं."

"जित्तं जनावर गाडीत चालत न्हाई."

"परवा मागच्या शिटावर बोकड व्हता."

"बोकडाचं तिकीट काढलं व्हतं."

"मग माशांचं बी फाडा. माझं तर माफ हाय."

"किती मासं हायत?"

"मोजून घ्या."

तिनं लुगडं उचलून बघितलं, पुन्हा झाकलं आणि म्हणाली, "ड्रायवरच्या मागं बसा. सांडलं तर तुमीच पुसायचं." तिकीट काही फाडलं नाही.

ज्यांनी जिवंत मासे नेले नाहीत त्यांना सांगतो. पाणी नुसतं ढवळून भागत नाही. ओंजळ भरायची, वितभर वर न्यायची आणि सोडायची. पाणी वरून पडताना वारं बरोबर घेऊन आत जातं. माणसाला श्वास घ्यायला जसं नाक वर असावं लागतं, तसं माशाचं नाही. मासा पाण्यातलंच वारं खातो, आणि थोड्या पाण्यातलं वारं लवकर संपतं. संपलं की मासा वर येऊन तोंड उघडतो. तेवढी खूण बघत राहायचं आणि हात चालू ठेवायचा.

रहिमतपूरच्या आधीच माझा दंड भरून आला. शेजारी एक म्हातारी बसली होती, पायापाशी आल्याची पाटी. बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "सरा तिकडं, मी हानते." आणि बांगड्या वर सारून हाणायला लागली. हाणता हाणता सुनेची गाऱ्हाणी सुरू झाली.

"जरा दमानं," मी म्हटलं. "सुनेचा राग माशांवर काढू नगा."

"सुनंला बोलायची सोय न्हाई. माशांना तरी बोलू द्या की."

आमच्या भागात आलं गादीवाफ्यावर लावतात. माती दोन्ही बाजूंनी ओढून उंच करायची, पाणी सरीतून निघून जायला पाहिजे. आल्याला पाणी लागतं, पण बुडात पाणी थांबलं की गड्डा कुजतो. म्हातारी तेच सांगत होती, की सुनेनं पाटानं पाणी सोडलं आणि मोटार बंद करायचं विसरून मोबाईल बघत बसली. पाटीतलं आलं उचलून तिनं माझ्या नाकाला लावलं. एका कडेनं काळं पडलं होतं. "बघा. तान लागली म्हनून न्हाई मेलं. पानी जास्त झालं म्हनून मेलं." मी मान हलवली. तेव्हा ती मला आल्याची गोष्ट वाटली, विहिरीची नाही.

पुसेसावळीच्या अलीकडं एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि दोन मासे पातेल्यातून बाहेर गेले. सगळी गाडी वाकून खाली बघायला लागली. एक सापडला म्हातारीच्या पाटीत. दुसरा ड्रायवरच्या पायापाशी तडफडत होता. ड्रायवर म्हणाला, "आवं, ब्रेक दाबू का मासा धरू?" कंडक्टर बाईनंच वाकून चिमटीत धरला आणि पातेल्यात टाकला. मग माझ्याकडं बघून हात पुसला माझ्याच उपरण्याला.

कडेगाव

मोहरमातल्या उंच ताबुतांचं हे गाव. इथं गाडी बदलायची होती आणि पुढची गाडी आलेली नव्हती. ऊन डोक्यावर. पाण्यात बोट घातलं तर कोमट. मला तेव्हाच धास्ती बसली, कारण तापलेल्या पाण्यात वारं टिकत नाही. उन्हाळ्यात उथळ डबक्यातले मासे आधी मरतात ते त्यामुळंच. बघता बघता सगळे मासे वर आले आणि तोंडं उघडमीट करायला लागले. मी हाणतोय, हाणतोय, पण हातात आता जोर राहिला नव्हता.

स्टँडसमोर लिंबाखाली पंक्चरचं दुकान होतं. तिथला माणूस, युनूसभाई नाव, उठून आला.

"बाबा, मासं दमलं का तुमी दमला?"

"दोघं बी."

"सावलीत आना ते पातेलं. कॉम्प्रेसर लावू का?"

"नगं. मासं उडून ताबुताएवढं वर जातील."

तो हसला. मग सायकलचा हातपंप घेतला, त्याला एक बारीक नळी जोडली, नळीच्या टोकाला दगड बांधला आणि पातेल्याच्या तळाशी सोडली. एक पाय पंपावर देऊन हळूहळू दांडा मारायला लागला. पाण्यात बुडबुडे सुटले. मासे आधी घाबरून कडेला गेले. मग एकेक करत बुडबुड्यांपाशी आले आणि तिथंच थांबले, थंडीत माणसं शेकोटीभोवती थांबतात तसे. मी ते बघत बसलो. बापानं मला हाणायला शिकवलं होतं, पण तळातून वारं सोडायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. हे मी युनूसला सांगितलं नाही.

शेजारच्या गाड्यावर एक माणूस भज्यांचं पीठ फेटत होता. उगीच नाही, चांगला हात दुखेस्तोवर. मी विचारलं, सोडा नाही का टाकत. म्हणाला, "सोड्यानं तेल पितं भजं. वारं घातलं की आपआप फुगतं." त्याच्याच शेजारी चहावाला चहा हातभर वरून ओतत होता. आमच्या कोरेगावला एवढ्या उंचावरून ओतत नाहीत, उकळला की कपात. प्यायलो तर वर बारीक फेस आणि चव हलकी. आता आयुष्यभर मी हे बघत आलोय, पण त्या दिवशी हात दुखत असल्यामुळं सगळीकडं तेच दिसायला लागलं. कोळपं चालवून आपण मातीत वारं घालतो. ताक घुसळताना तेच. कणगीतलं धान्य वर्षातून एकदा उपसून अंगणात पसरतो ते तेवढ्यासाठीच. जिथं वारं जात नाही तिथं कुबट वास येतो, मग ती कणगी असो की माणसाची खोली.

युनूसशी माझा वाद झाला. तो म्हणाला, "बाबा, हवा मोठी. पान्याबिगर मानूस दिस काढतो. हवेबिगर काढून दावा."

"हवा फुकट मिळती म्हनून तुला मोठी वाटती. पान्यासाठी खनावं लागतं," मी म्हटलं.

"मग हितं पंप कोन मारतंय?"

मी पाण्याचा माणूस. मानलं नाही. गाडी आली तेव्हा खिशात हात घातला तर तो म्हणाला, "टायरात भरली असती तर घेतलं असतं. माशानं खाल्लेल्या हवेचं काय घ्यायचं."

मळ्यावर

कडेगावातून खाली निघालं की लांब उजव्या हाताला सागरेश्वराचे डोंगर राहतात आणि मग रान सपाट होत जातं. आमच्याकडं माळ, मुरूम, उतार. पाऊस पडला की पाणी पळून जातं आणि आम्ही त्याच्यामागं पळतो. इकडं काळी माती, कंबरेएवढी खोल, आणि दोन्ही बाजूंनी ऊस. पाहुण्याला बसवून लोक अभिमानानं सांगतात, की आमच्या सरीत पाणी कधी आटत नाही. ते ऐकून मला दर वेळी हेवा वाटायचा.

सुमनच्या रानात वरचा ऊस हिरवा होता. पण विहिरीकडच्या खालच्या तुकड्यात पानं पिवळी, कांड्या बोटाएवढ्या, आणि मातीवर मीठ सांडल्यासारखा पांढरा थर. पाय टाकला तर घोट्यापर्यंत आत. आधी इथं मी भुईमूग बघितला होता.

विहीणबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "आलं का माशांचं वऱ्हाड," म्हणाल्या. "आमच्या हिरीचं पानी लावलं तर भांडं काळं पडतंय, इवाई. मासं काय गोरं हुनार हायत व्हय?"

मी चहासुद्धा घेतला नाही. सरळ विहिरीवर गेलो. पाणी काठाच्या खाली हातभर, काळसर, हलत नव्हतं. अंड्यासारखा वास. सुमन म्हणाली, आबा, एकदोनच सोडून बघा आधी. पण संपतराव समोर उभा होता. मी पातेलं कलतं केलं आणि सगळेच सोडले.

खाली गेले. मी म्हटलं, "बघा." थोडा वेळ काही दिसलं नाही. मग भिंतीच्या कडेकडेनं एक तोंड वर आलं, दुसरं आलं, आणि सगळी रांग आभाळाकडं तोंडं करून उघडमीट करायला लागली. खूण मला ठाऊक होती. तरी मी म्हणालो, "नवीन जागा हाय. फिरत्यात."

संपतरावनं शेडमधून पाइप ओढत आणला, विहिरीवरची जुनी मोटार चालू केली आणि विहिरीचंच पाणी उंचावरून विहिरीत सोडलं. पाण्याला पांढरा फेस आला. वास दुप्पट झाला. मासे त्या धारेखाली गोळा झाले.

"संपतराव, तुमी हरायला बसलाय व्हय?" मी म्हटलं.

"मरताना बघवत न्हाई, मामा."

संध्याकाळी सुमननं अख्खा मसूर आणि भाकरी केली. तिकडं त्यावर तेलाचा तवंग बोटभर असतो. आमच्या घेवड्याला तेवढं तेल घातलं तर बायका बोलतील. पण चव होती. जेवतानाही कान मोटारीकडं. शेतीची वीज पाळीनं येते. ताट पुसायच्या आत आवाज बंद झाला.

सकाळी पाण्यावर सगळी पांढरी पोटं होती. मी बुट्टीनं एकेक वर काढले. संपतराव दात घासत लांब उभा होता. त्यानं एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

"बोलवा जेसीबी," मी म्हटलं.

"आदी पानी काढाय पायजे. भरल्या हिरीत मुरूम टाकला तर नुसता चिखल हुईल."

मी लगेच घरी निघायला पाहिजे होतं. पण आपली विहीर आपल्या माघारी मरू नये म्हणून राहिलो. मोटार लावून पाणी ओढ्याला सोडलं. ओढ्यात एका दगडावरून ते पडायचं, आणि तिथून पुढं निवळत जायचं. वीज असेल तेवढा वेळ उपसा चालायचा. विहीर काही रिती होईना. पातळी खाली गेली की रानाकडच्या भिंतीतून, दगडांच्या सांध्यांतून पाणी गळायला लागायचं, घाम फुटल्यासारखं. मी सुमनला दाखवलं, "बघ, अजून झरं जित्तं हायत." संपतराव रानाकडं बघत होता. काही दिवस असंच चाललं. मुरमाचा ढीग विहिरीपाशी येऊन पडला होता.

एका सकाळी संपतराव खालच्या तुकड्यात उभा दिसला. जिथं घोट्यापर्यंत पाय जात होता तिथं तो चपला घालून उभा होता. फावड्यानं एक ढेकूळ काढून त्यानं माझ्याकडं आणलं. मी फोडून नाकाला लावलं. परवापर्यंत इथली माती निळसर, गटारासारखी. आता वास कमी होता आणि ढेकूळ चुरत होतं. तो मला बांधाच्या पलीकडं घेऊन गेला, विहिरीपासून लांब. तिथं तसाच चिखल, तीच घाण.

"मामा, ते झऱ्याचं पानी न्हाई," तो म्हणाला. "माझंच हाय. उसाला पाजलेलं. रान भरून गेलंय. मुळाला वारं कुठनं मिळायचं?"

"मग?"

"हीर ठिवायची. रोज उपसायची आन् पानी ओढ्याला सोडायचं."

म्हणजे विहीर राहणार होती. सुमननं डोळ्याला पदर लावला. आणि मला संताप आला. मी म्हटलं, "म्हंजे माझ्या हिरीचं गटार केलं तुमी."

"गटार म्हना, न्हाईतर रानाचं नाक म्हना."

"ही मी पानी आनाय खनलीय. टाकाय न्हाई."

"आबा, हीर ऱ्हाती हाय ना?" सुमन म्हणाली.

मी उठून ओढ्यावर जाऊन बसलो. दिवस मावळेपर्यंत उठलो नाही. गाडीतली आल्याची म्हातारी आठवली आणि तिचाही राग आला. मग हळूहळू विचार केला, की आम्ही विहीर खणतो म्हणजे करतो काय. पाणी आम्ही आणत नाही. ते त्याच्या मनानं येतं. आम्ही फक्त माती आणि खडक बाहेर काढतो आणि तिथं रिकामी जागा सोडतो. जन्मभर मी त्या रिकाम्या जागेची मजुरी घेतली आणि नाव पाण्याचं सांगितलं. जमिनीला ती जागा कशासाठी हवी हे जमिनीनं ठरवायचं. दर वेळी तहानच असेल असं नाही. हे मला पटलं, पण गोड लागलं असं म्हणणार नाही.

निघायच्या दिवशी मी विहिरीवर गेलो. पाणी तळाशी गुडघाभर राहिलं होतं, मोटार बंद. मुरमाच्या ढिगातून एक पाटी भरली आणि विहिरीत टाकली.

संपतराव धावत आला. "आवं मामा, हे काय?"

"मासं मेलं का न्हाई? मी हरलो. बुजवायची एक पाटी तुमची. माझ्यावर काय ठिवायचं न्हाई."

"आन् आता?"

"आता ती काढाय पायजे. हिरीत मुरूम पडलाय."

मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. हसतच तो कठड्यावर बसला आणि भिंतीतून पुढं काढलेल्या पहिल्या दगडावर, पायटावर, त्यानं पाय टाकला. मी दंड धरून त्याला मागं ओढलं. "थांबा. पानी गेलं म्हंजे वारं आलं असं न्हाई. खाली काय साचलंय ते दिसत न्हाई. मानूस बसल्या जागी झोपतो आन् उठत न्हाई. फौजंत हे सांगितलं न्हाई वाटतं."

सुमनला कंदील आणायला लावला. दोरीला बांधून सोडला. निम्म्यात गेला आणि विझला. संपतरावच्या तोंडावरचं हसू गेलं.

मग मी लिंबाची पानांनी भरलेली मोठी फांदी तोडायला लावली, दोरीला बांधली आणि त्याच्या हातात दिली. तळापर्यंत सोडायची, झटक्यानं वर ओढायची, पुन्हा सोडायची. आतलं मेलेलं वारं वर येतं, वरचं खाली जातं. आम्ही विहिरीचं काम करणारे हे केल्याशिवाय जुन्या विहिरीत पाय टाकत नाही. त्यानं ओढलं, तो दमल्यावर सुमननं ओढलं. विहीणबाई लांबून म्हणाल्या, "हिरीला पंखा घालताय व्हय?"

"घालाय लागतो," मी म्हटलं. "वढा अजून. गडबड न्हाई."

कंदील पुन्हा पेटवून सोडला. मघापेक्षा खाली गेला, आणि विझला. पुन्हा फांदी. संपतरावचा सदरा पाठीला चिकटला, पण त्यानं एकदाही विचारलं नाही की पुरे का. तिसऱ्यांदा कंदील सोडला. तो पाण्याच्या वर जाऊन थांबला आणि जळत राहिला. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. ज्योत हलत होती, पण जळत होती.

सुमन म्हणाली, "आबा, तुमी न्हाई उतरायचं हां."

मी चपला काढल्या.